चूलबंद आवतन

हॅलमसाहेब चिंचखेडला राहायला आला तेव्हा हा माणूस काहीतरी गुन्हा करून आला असावा, असं गावानं ठरवलं. दुसरं कारण कोणाला सुचेना. अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये तो एकतीस वर्षं इंजिनियर होता. नोकरी संपली की साहेब लोक मुंबईला जातात, बोटीत बसतात आणि आपल्या देशात जाऊन थंडीनं मरतात, ही सरळ रीत. हा बैलगाडीत बसून पातूरच्या रस्त्याला लागला आणि आमच्या गावच्या ओढ्याकाठी, खुशालरावाच्या रिकाम्या घरात येऊन उतरला. सोबत दोन ट्रंका होत्या आणि एक आरामखुर्ची.

मी या गावचा मास्तर. वामनराव म्हणतात मला. मूळचा अकोल्याचा, जठारपेठेतला. चुलते बापूसाहेब तिथं वकिली करतात, आजोबा याज्ञिकी करीत. बोर्डानं मला इथं पाठवलं तेव्हा दोन वर्षांत परत बोलावतो म्हणाले होते. त्याला एकोणतीस साली एकोणीस वर्षं झाली. तेव्हा परक्या मुलखात येऊन राहणं काय असतं, ते मला कोणी शिकवू नये.

साहेब आला त्या दिवशी जानराव पाटलानं मला बोलावणं पाठवलं. इंग्रजी येणारा गावात मी एकटा. साहेब पाटलाच्या ओट्यावर हॅट मांडीवर घेऊन बसला होता.

"मास्तर, याले इचारा, काहून आला म्हना," पाटील म्हणाला.

मी इंग्रजीत, व्याकरण सांभाळून, इथं का आलात असं विचारलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मग पाटलाकडे, आणि म्हणाला, "काहून म्हंजे? मले इथं बरं वाटते. तुले काही तरास हाय का?"

ओट्यावरची माणसं पाटलाकडे पाहू लागली. साहेबाची वऱ्हाडी कापसाच्या जिनातली, तिथल्या हमालांकडून उचललेली. तीत 'तुमी' हा शब्दच नव्हता, कारण जिनात तो कोणी कोणाला वापरत नसे. पाटलाला 'तू' म्हणणारी आता त्याची म्हातारी तेवढी उरली होती. पाटील थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसला आणि म्हणाला, "मले काय तरास? ऱ्हाय." माझी वऱ्हाडी अशी की एकोणीस वर्षांनंतरही पोरं पाठीमागं नक्कल करून दाखवतात. मला त्या दिवशी साहेबाचा राग आला आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

पण गावात छापलेला कागद दोनच घरांत येई, माझ्या आणि त्याच्या. त्याचा पेपर वाचायला मी जाऊ लागलो. विलायतेहून दर टपालाला त्याच्या बहिणीचं पत्र येई. ती तिथं समुद्रकाठच्या गावी एकटी राहत होती आणि वरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे, असं प्रत्येक पत्रात लिहीत होती. साहेब ते पत्र वाचून घडी करी आणि भेदऱ्याच्या, म्हणजे टोमॅटोच्या, रोपांना पाणी घालायला जाई. भेदरी उत्तम येत. गावात कोणी ती खात नसे, ती रक्तासारखी दिसतात म्हणून.

माघात खुशालरावाच्या मुलाचं लग्न झालं. सगळं गाव जेवायला गेलं. साहेब कोट घालून, दारात खुर्ची टाकून सकाळपासून बसला होता. दुपार टळली तेव्हा तो उठला आणि कोट काढून ठेवला. हे मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "मले काहून नाई बलावलं?"

मी समजावून सांगितलं. शिकवणं हा माझा धंदाच आहे. आवतन म्हणजे आमंत्रण. ते माणसाला देत नाहीत, घराला देतात, आणि घर म्हणजे चूल. जिथं चूल नाही ते घर नव्हे, तो मुक्काम. साहेब स्टोव्हवर अंडी उकडतो हे गावाला ठाऊक होतं, आणि स्टोव्ह काही चूल होत नाही. पुन्हा आवतनाचे दोन प्रकार. घरटी आवतन असलं तर घरातून एकानं जायचं. पण लग्नघरानं अगदी आपलं मानलं तर चूलबंद. म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही. गावकुसाबाहेरच्या चुलींना यातलं काहीच जात नसे. पण हे सांगताना तो विचार माझ्या मनात आला असं म्हटलं तर खोटं होईल.

"तुले कोनतं येते?" साहेबानं विचारलं.

"मला शिधा येतो." डाळ, तांदूळ, कणीक, गूळ, तुपाची वाटी, सगळं सुपात घालून, वर सुपारी ठेवून. "आम्ही ब्राह्मण. त्यांच्या घरचं शिजलेलं आम्हाला चालत नाही. हा मान आहे."

"म्हंजे सारं गाव पंगतीत बसते, अन् तुही बायको घरी सैपाक करते?"

त्याकडे तसं पाहायचं नसतं, असं मी म्हणालो. साहेबानं मान डोलावली, पण त्याला पटलं असं दिसलं नाही.

आठ दिवसांत त्यानं पार्बताबाईला बोलावून चूल घालून घेतली. पार्बताबाई गावात चुली घालण्यात एक नंबर. तिनं माती मळली, भुसा मिसळला आणि दोन तोंडांची चूल घातली. पण साहेब इंजिनियर. त्यानं चुलीच्या मागे पत्र्याचं धुराडं बसवलं आणि ते कौलातून वर काढलं, चांगलं पुरुषभर. आमच्या घरांतला धूर कौलांच्या फटींतून मिळेल तसा निघतो. साहेबाचा धूर सरळ उभा वर जाऊ लागला. तो शिवारातून दिसे. बाया पाहायला आल्या, हसल्या आणि गेल्या. साहेब खूश होता.

चैत्रात शेषरावानं नवं घर बांधलं, त्याची घरभरणी होती. नथ्थू न्हावी आवतन देत फिरला तो साहेबाच्या दारीही गेला. घरटी आवतन. साहेब जेवून आला. ओळीच्या टोकाला, इतरांपासून हातभर अंतरावर बसवला होता, पण बसवला होता. मी अभिनंदन करायला गेलो तर गडी गंभीर.

"घरटी होतं," तो म्हणाला.

"अहो साहेब, तुम्ही घरात एकटे. घरटी बोलावलं तरी तुम्ही एकटे जाणार, चूलबंद बोलावलं तरी एकटेच जाणार. भात तितकाच."

"मी भाताचं नाई सांगून राहिलो," साहेब म्हणाला. मग त्यानं खिशातून बहिणीचं पत्र काढलं. पावसाळ्याच्या आत येणार असशील तर ये, नाहीतर ती खोली मी भाड्यानं देते, असं बाईनं या खेपेला लिहिलं होतं. "वैशाखात पाटलाच्या पोरीचं लगन हाय. चूलबंद आलं तं मी ऱ्हातो. नाई आलं तं समजलं, मी मुक्कामालेच हाय. मंग जातो बापा घरी."

मी म्हणालो, पाटलाच्या कानावर घालतो. साहेबानं माझं मनगट धरलं. सांगून आलेलं आवतन मला नको, म्हणाला. मी शब्द दिला आणि पाळला. तो पाळणं मला अवघड गेलं नाही. खरं सांगायचं तर ते आवतन येऊ नये असं मला थोडं वाटत होतं. वर्षभरात या माणसाला जे मिळायचं, ते मला एकोणीस वर्षांत मिळालं नव्हतं, आणि माझ्याकडे तर मराठी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी नथ्थू घाईत होता. त्यानं साहेबाच्या कुंपणापाशी उभ्या उभ्या हाक दिली, "साहेब, उद्या पाटलाकडं चूलबंद बरं!" आणि पुढच्या घरी गेला. साहेब तसाच, बिनहॅटीचा, शाळेत आला. वर्ग चालू होता. दारातून तो एवढंच म्हणाला, "आलं." पोरांना काही समजलं नाही. मी म्हणालो, "उद्या स्वयंपाक करू नका." तो म्हणाला, माहीत आहे, आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी पातूरहून वऱ्हाड आलं. पाटलाच्या सुभद्रेवर अक्षता पडल्या, पत्रावळी मांडल्या गेल्या. मी मांडवाच्या कडेला उभा होतो. शिधा सकाळीच घरी पोचला होता. अक्षतांना हजर राहायचं आणि जेवायला घरी जायचं, हा माझा नेहमीचा क्रम. तेवढ्यात मुलाचे वडील पंजाबराव हात धुता धुता थांबले. ओढ्याकडे बोट करून म्हणाले, "पाटील, थो धूर कोनाचा? कोनी रुसलं काय तुमच्या गावात?"

सगळ्यांनी पाहिलं. साहेबाच्या धुराड्यातून धूर निघत होता. वारा नव्हता. वऱ्हाडी मंडळींना मान वर करायचीही गरज पडली नाही.

इथं आमच्या भागाची रीत सांगायला हवी. चूलबंद आवतन घेऊन जो घरी चूल पेटवतो, तो रुसला असं धरतात. तो रुसलेला असेपर्यंत पंगत बसत नाही. यजमानानं स्वतः पाण्याचा लोटा घेऊन त्याच्या दारी जायचं, काय चुकलं ते विचारायचं, आणि त्या घरच्यानं त्याच लोट्यातलं पाणी चुलीवर ओतलं की मिटलं. मग वऱ्हाड उपाशी असो की ऊन माथ्यावर असो.

पाटलाचा चेहरा उतरला. "काहून रुसला असंल?" त्यानं विचारलं. आणि मग एक गंमत झाली. खुशालराव खाली मान घालून म्हणाला, माझ्या बैलानं साहेबाची भेदरी खाल्ली होती आणि मी बोललो नव्हतो. शेषराव म्हणाला, घरभरणीला मीच त्याले दूर बसवलं. नथ्थू म्हणाला, मी कुंपणावरूनच सांगितलं, आत गेलो नाही. आतून पाटलाच्या बायकोनं, आशाबाईनं, निरोप पाठवला की त्या धुराड्याला सगळ्यात जास्त मीच हसले होते. साहेबानं रुसावं अशी कारणं अख्ख्या गावाकडे निघाली. त्यानं जावं असं मात्र कोणी म्हणालं नाही.

पाटलानं लोटा भरला. मागे दहा-पंधरा माणसं निघाली, दुभाष्याची गरज नसतानाही मी निघालो.

साहेब बनियनवर होता आणि कोटाला इस्त्री करत होता. कोळशाच्या इस्त्रीला निखारे लागतात. निखाऱ्यांसाठी त्यानं चूल पेटवली होती. पाटलाच्या घरच्या लग्नात चुरगळलेला कोट बरा दिसत नाही म्हणून. कोटाची एक बाही झाली होती. मी त्याला स्वयंपाक करू नका सांगितलं होतं. चूल पेटवूच नका हे सांगायचं राहून गेलं होतं. चूलबंद म्हटल्यावर आणखी काय सांगायचं, असं मला वाटलं होतं.

पाटील उंबऱ्यापाशी उभा राहिला. दोन्ही हातांत लोटा. म्हणाला, "साहेब, काय चुकलं आमचं?"

मी घाईघाईनं इंग्रजीत सगळा घोटाळा सांगितला. आता हा म्हणणार, अरे मी तर इस्त्री करत होतो, सगळे हसणार, आणि संपेल. साहेबानं इस्त्री दगडावर ठेवली. पाटलाकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं, मागे उन्हात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. इस्त्रीचं नाव त्यानं काढलं नाही.

"नथ्थ्या कुंपनावरूनच बोलला," तो म्हणाला. "आत नाई आला."

"चुकलं," पाटील म्हणाला. नथ्थूला पुढं ढकललं. नथ्थू आत गेला, चुलीपाशी वाकला आणि त्यानं पुन्हा नीट आवतन दिलं. साहेबानं लोटा घेतला आणि चुलीवर ओतला. राख उडाली ती कोटाच्या इस्त्री केलेल्या बाहीवर बसली. साहेबानं तो तसाच अंगात घातला. त्याचे डोळे ओले झाले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. एकतीस वर्षं ज्यानं हमालांना शिव्या देऊन काम करून घेतलं, तो माणूस असा उभा होता. रुसायला माणूस घरचा असावा लागतो. पाहुण्याच्या रुसण्याला कोणी लोटा घेऊन येत नाही.

परत येताना वाटेत माझं घर लागतं. साहेब तिथं थांबला. माझ्या कौलांतून धूर निघत होता.

"मास्तर, तुह्या घरूनबी धूर निघून राहिला."

"तो शिध्याचा," मी म्हणालो. "चला, पंगत खोळंबली आहे."

साहेब हलला नाही. पाटलाला म्हणाला, "याच्या बायकोले कोनी इचारलं का कधी?"

पाटील त्या धुराकडे पाहत राहिला. लोटा रिकामा होता. मी म्हणालो, अहो पाटील, यांचं काय ऐकता, यांना आपल्यातलं काय कळतं. पण पाटील साधा माणूस. एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. तो माझ्या दारात गेला. माझी बायको रमा आतून पदर सावरत आली. तिच्या हाताला कणीक होती.

"वैनी," पाटील म्हणाला, "काय चुकलं आमचं?"

रमा माझ्याकडे पाहत होती, काही झालं का म्हणून. मग तिला प्रश्न समजला. ती म्हणाली, "सुभद्रेच्या बारशाची दुपटी मी शिवली, पाटील. तिला पहिलं अक्षर मी गिरवून दिलं. आज तिला हळद लागली तेव्हा मी इथं डाळ निवडत बसून वाजंत्री ऐकली. एकोणीस वर्षं तुमच्या गावात आहे. आमच्या हातून असं काय झालं की तुम्ही एकदाही बोलावलं नाही?"

पाटील गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पन मास्तर, तुमीच तं म्हनलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या साली नथ्थू शाळेत आला होता चूलबंद घेऊन. तुमी म्हनलं, आमच्या घरी चालत नाई, बायकोले बिलकूल चालत नाई, शिधा पाठवत जा."

खरं होतं. मी म्हणालो होतो. घरी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं, आणि नंतर सांगायचंही राहून गेलं. रमा इतकी वर्षं समजत होती की गाव आपल्याला बोलावत नाही. मला भर उन्हात इतकी लाज वाटली की साहेबाच्या आड उभं राहावंसं वाटलं.

रमा वळली. आत गेली. पाण्याचा आवाज आला, मग चुलीचा चरचराट. ती हात धुऊन, लुगडं बदलून बाहेर आली.

"अगं," मी म्हणालो, "जठारपेठेत काय म्हणतील?"

"तुम्हाला चालत नसेल तर पुन्हा पेटवा," ती म्हणाली. "लाकडं कोपऱ्यात आहेत." आणि पाटलाच्या मागोमाग निघून गेली.

मी किती वेळ उंबऱ्यावर बसलो ते सांगत नाही. शेवटी पाटलानं नथ्थूला पाठवलं. पंगत माझ्यासाठी थांबली होती. मला ओळीच्या टोकाला बसवलं, साहेबाशेजारी. आलुवांग्याची भाजी जाळ होती. साहेबानं तीन वेळा मागून घेतली. बायकांच्या पंगतीतून रमाचं हसणं ऐकू आलं. ते मी पुष्कळ वर्षांत ऐकलं नव्हतं.

साहेबानं बहिणीला खोली भाड्यानं द्यायला लिहिलं. जठारपेठेतून बापूसाहेबांचं मला एका ओळीचं पत्र आलं. ते मी कोणाला दाखवलं नाही.

रमा घरी नीट वागत होती. वेळेवर भाकरी, वेळेवर पाणी. फक्त माझ्याशी बोलत नव्हती. आठ दिवस मी वाट पाहिली की आपोआप मिटेल. नवव्या दिवशी शाळेतून आलो, लोटा भरला आणि चुलीपाशी जाऊन उभा राहिलो. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "काय चुकलं माझं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि पाट पुढं सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."